राखेच्या मातीतले मारोतराव

१७ सप्टेंबर, बुधवार. सकाळपासून मारोतरावांचं कपाट रिकामं करते आहे. त्यांच्या जागी सोमवारी नवा माणूस येणार, त्याला खण हवे आहेत. आत्तापर्यंत खणायच्या दोन सब्बली निघाल्या, एक लाकडी मोगरी, दाढीचं सामान, कॅन्टीनचे तीन कप आणि मातीच्या बऱ्याच पिशव्या. एकाही पिशवीवर चिठ्ठी नाही. त्यांना चिठ्ठी लागत नसे.

टेबलावर साहेबांनी पाठवलेला कागद आहे. मारोतरावांच्या मृत्यूची चौकशी करायला उद्या अकरा वाजता बाहेरचे अधिकारी येणार आहेत, त्याआधी मी त्या कागदावर सही करायची आहे. त्यात महत्त्वाचं वाक्य एकच आहे : ‘सदर कर्मचारी कोणाचीही सूचना नसताना स्वतःच्या मर्जीने खड्ड्यात उतरला.’ सही केली तर मारोतराव आपल्या हट्टापायी मेले, असं कायमचं लिहिलं जाईल. नाही केली तर त्यांना कोणी उतरवलं ते सांगावं लागेल. मी उतरवलं.

साहेब म्हणाले, “त्यांचा स्वभाव सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी शंका घेणार नाही.”

हे मात्र खरं आहे. म्हणून आधी तो स्वभावच लिहून काढते.

बावीस वर्षांपूर्वी मी मातीच्या या प्रयोगशाळेत रुजू झाले त्या दिवशी मागच्या अंगणातून शिव्या ऐकू आल्या. कोणाला तरी मारहाण चालली आहे असं वाटून मी धावत गेले. बनियनवर बसलेला एक काळा, रुंद खांद्यांचा माणूस मोगरीने काळ्या मातीची ढेकळं फोडत होता आणि प्रत्येक ढेकळाला वेगळी शिवी देत होता. मला पाहून तो थांबला नाही. चिमूटभर माती उचलून त्याने तोंडात टाकली, दोनदा चावली आणि माझ्या चपलेपासून वीतभर अंतरावर थुंकला.

“चिकण हाये. बारीक रेती अजिबात नाई.”

“त्यासाठी आत यंत्र आहे,” मी म्हणाले.

“यंत्र सांगन पंधरा दिवसानं. दात आत्ताच सांगते.”

रेती दातांखाली करकरते, गाळ पिठासारखा लागतो, चिकणमाती दातांना चिकटते. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना शिकवतात, पण एक-दोनदा करून सगळे सोडून देतात. मारोतरावांनी सोडलं नाही. ते हुद्द्याने शिपाई, कामाने खड्डे खणणारे. जमिनीत माणूसभर खोल चौकोनी खड्डा खणायचा, एक भिंत चाकूने तासून सरळ करायची, मग आम्ही शिकलेली माणसं येऊन तिचे थर मोजणार. आम्ही मोजपट्टी उघडेपर्यंत ते चार थर चावून मोकळे झालेले असत.

खड्डा बुजवण्याचा त्यांचा एक नियम होता. तळाची माती तळाशी, वरची वर. खणताना ते प्रत्येक थराचा वेगळा ढीग घालत आणि म्हणत, “पोटातलं पोटात, पाठीवरचं पाठीवर.” एकदा आमच्या गजानन ड्रायव्हरने जीप मागे घेताना दोन ढीग एकात एक मिसळले. मारोतरावांनी त्याला गाडीतून ओढून काढलं आणि कानाखाली वाजवली.

“काय गा, तुह्या मायचं पोट फाडून असंच शिवशीन का?”

गजानन तेव्हा पंचविशीचा, अंगाने दांडगा. त्याने उलटी ठेवून दिली. दोघं मातीत लोळले. मारोतरावांची भुवई फुटली, गजाननचा शर्ट गेला. मी पाण्याची कॅन दोघांवर ओतली तेव्हा सुटले. तासाभराने पाहते तर दोघं एकाच डब्यातून झुणका-भाकर खात होते आणि ढीग वेगळे करायचं काम माझ्यावर आलं होतं.

हे वाचून कोणी हसेल, म्हणून पुढचंही लिहिते. त्यांचं हात उचलणं नेहमी असं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्यांची बायको सुमित्राबाई एकदा त्यांचा विसरलेला डबा द्यायला कार्यालयात आल्या, तर सुमित्राबाईंचा डावा डोळा सुजून बंद झालेला होता. मी मारोतरावांना सगळ्यांसमोर विचारलं, “हे तुम्ही केलं?”

“हो.”

“पुन्हा दिसलं तर पोलिसात मी जाईन. तुमच्या बायकोला विचारणार नाही.”

महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. नमुने माझ्या टेबलावर आपटून जात. पुढे सुमित्राबाई म्हणाल्या की आता हात उचलत नाहीत. खरं असेल. मी घरात डोकावून पाहिलेलं नाही.

सहा वर्षांपूर्वी आम्हाला ती राखेची जागा सापडली. नागपूरहून जीपने तीन तास, मग पाऊण तास सागाच्या जंगलातून पायी. नदीकाठी पुराने दरड कापली होती. आपल्याकडे नदीकाठी काय दिसतं ते सगळ्यांना माहीत आहे : तपकिरी, जड, चुनखड्यांचा गाळ. तो होताच, पण तळाशी. त्याच्यावर पुरुषभर जाडीचा फिकट राखाडी थर, आणि त्यावर जंगलाची काळी, भुसभुशीत, मुळांनी भरलेली माती. ती काळी मातीही त्या राखेचीच झालेली होती. हजारो वर्षं पाला कुजला, मुळं गेली-आली, आणि राखेच्या वरच्या अंगाची माती बनली.

मारोतरावांनी मधला थर चावला आणि चेहरा वाकडा केला. पहिल्यांदाच त्यांना उत्तर देता येईना. “पीठ बी हाये अन् करकरते बी. अशी माती नसते, बाई.”

कार्यालयात आणून मी ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. काचेचे तुकडे होते. बारीक, वाकडे, धारदार, फुटलेल्या बांगड्यांसारखे. मी मारोतरावांना डोळा लावायला सांगितला. बराच वेळ पाहून ते म्हणाले, “काच हाये ना हे! अन् मी कालपासून काच चावून राहिलो!” मग साहेबांनी त्यांना समजावलं की समुद्रापलीकडे फार पूर्वी एक ज्वालामुखी फुटला, त्याची राख आभाळातून इतक्या दूर येऊन पडली. मारोतराव ऐकत राहिले.

“किती दूर म्हटलं?”

साहेबांनी नकाशा दाखवला.

“एवढा राग त्या पहाडाले? अन् लोकं मले रागीट म्हणते.”

त्या दिवसापासून ती जागा त्यांची झाली. त्या मातीच्या खोड्या आम्हाला पुस्तकातून कळल्या, त्यांना हातातून. सुकलेली असली की इतकी हलकी, की भरलेलं टोपलं एका हाताने उचलावं. पाणी मात्र अफाट पिते, आणि प्यायलेलं दाखवत नाही. मुठीत घेतली तर दमट वाटते, बस. पण बोटांत दाबून चोळली की एकदम घसरते, बोटं ओली होतात. सोडली की पुन्हा घट्ट. मारोतराव नव्या माणसाच्या हातावर तिचा गोळा ठेवून दाबायला लावत आणि तो दचकला की खूश होत. “दगाबाज हाये हे. हिले छेडू नका. छेडली का पाणी होते.”

आता नागपूरच्या इतवारी बाजारातलं सांगते. माती वाळवायला मोठ्या पराती हव्या होत्या, म्हणून मी त्यांना घेऊन भांड्यांच्या गल्लीत गेले. एका दुकानाच्या पायरीवर भांडी घासायच्या सुट्या पावडरीचं पोतं उघडं होतं. मी परातीची जाडी पाहत होते. मागून मारोतरावांचा आवाज आला, “बाई, हे आपली हाये.”

“काय आपली?”

“माती. नदीवरची.” त्यांच्या ओठांना राख लागलेली होती.

दुकानदार ओरडला, “ओ काका, ते काय चाखायची चीज आहे का? भांडी घासायची पावडर आहे ती.”

“कुठून आणली गा?”

“माल आहे. येतो. तुम्हाला काय करायचं?”

मारोतरावांनी पोतं उचलून रस्त्यावर पालथं केलं. हातगाड्या थांबल्या, एका टेम्पोवाल्याने हॉर्न दाबून धरला. दुकानातल्या गड्याने त्यांची कॉलर धरली, तर त्यांनी माझ्या हातातली परात हिसकून त्याच्या तोंडावर मारली. त्या माणसाच्या नाकातून रक्त आलं. पांढऱ्या राखेत ते काळं दिसत होतं. मी मारोतरावांना दंडाला धरून सराफ्याच्या चौकापर्यंत ओढत नेलं. त्या झटापटीत माझ्याही दंडावर वळ उठले.

“त्या पोराचा काय दोष?” मी विचारलं. “तो फक्त विकतो.”

“मंग कोणाचा हाये ते पाहून येतो.”

मला वाटलं, बोलायची गोष्ट. पुढच्या आठवड्यात त्यांनी रजा टाकली आणि एकटे नदीवर गेले. तिथे जेसीबी लागलेला होता. कोणी ठेकेदार राख काढून नदीच्या कोरड्या पात्रातून टेम्पोने आणत होता. मारोतरावांनी दगड मारून जेसीबीची काच फोडली. चार जणांनी त्यांना फावड्याच्या दांड्यांनी मारलं आणि वाटेवर टाकून दिलं. दोन बरगड्या मोडल्या, समोरचे दोन दात गेले. मी दवाखान्यात गेले तेव्हा सुमित्राबाई पलंगापाशी बसल्या होत्या. मारोतरावांना नीट बोलता येत नव्हतं, तरी मला पाहून ते पहिलं वाक्य बोलले ते हे, “मधले गेले. आता बाजूच्या दातानं चावतो.”

जंगल खात्याकडे तक्रार मी केली. खोदकाम बंद झालं. पण जेसीबीने तोवर नको ते करून ठेवलं होतं. त्यांना राखच हवी होती, म्हणून त्यांनी मधून ती कोरून काढली. वरची काळी माती आणि तिच्यावरचे साग तसेच पुढे आलेले राहिले, खालून आधार नसलेल्या फळीसारखे. आमचा खड्डा आणि त्याची तपासायची भिंत नेमकी त्याच्याखाली होती. आम्ही तिथेच काम करत राहिलो, कारण इतका चांगला काप दुसरीकडे नव्हता. उन्हाळ्यात तो दगडासारखा उभा राहायचा.

आता माझ्या चुका.

आमच्याकडे कुठलीही माती आली की आठवडाभर सावलीत पसरून वाळवतात, कुटतात, चाळतात, मग तिची परीक्षा. सगळ्या मातीला हाच नियम. राखेची माती आली तेव्हा मारोतराव परात दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. “हिले सुकवू नका, बाई. हे सुकली का मरते. मेल्यावर काय बी इचारा, खोटंच सांगन.”

“मारोतराव, परात ठेवा.”

मी वाळवली. निकाल आला की यात बहुतेक रेती आहे. ते म्हणत होते, दातांना चिकटते. मी छापील कागद दाखवला. त्यांनी तीच परात खिडकीबाहेर फेकली. दोन महिन्यांनी एका जुन्या लेखात मी वाचलं की राखेची माती एकदा पूर्ण सुकली की तिचे बारीक कण असे घट्ट जुळतात, की पुन्हा सुटत नाहीत आणि रेतीसारखे मोजले जातात. ओला नमुना शिल्लक होता, तो तसाच तपासला. चिकण निघाली. मी अहवाल दुरुस्त केला. मारोतरावांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, पण त्या परातीचा राग होता आणि नंतर राहूनच गेलं.

दुसरी चूक यंदाची. मातीचं वजन काढायला आम्ही लोखंडी रिंग वापरतो. भिंतीत रिंग ठोकायची, भरून बाहेर काढायची, दोन्ही तोंडं चाकूने सपाट करायची, भट्टीत सुकवून तोलायची. काळ्या मातीच्या रिंगेचं वजन मला हाताला कळतं. ऑगस्टमध्ये मारोतरावांनी पहिल्यांदाच राखेच्या रिंगा आणल्या, त्या वजनात निम्म्याच भरल्या. तेवढ्याच पाण्यापेक्षाही कमी वजन. इतकी वर्षं मातीत घालवून मी पाण्यापेक्षा हलकी माती तोलली नव्हती. पुस्तकात वाचलं होतं, पण समोर आकडा आला तेव्हा मला आकड्याचा संशय आला नाही. माणसाचा आला.

“रिंगा अर्ध्या भरून आणल्यात तुम्ही,” मी सगळ्यांसमोर म्हणाले.

त्यांनी हातातली रिंग भिंतीवर फेकली. तिथला गिलावा अजून निघालेला आहे. “मी चोर हाये?”

“चोर म्हणाले नाही. पुन्हा आणा. मी सोबत येते.”

“या मंग. या अन् पाहा.”

पोळा होऊन दोन आठवडे झाले होते. चार दिवस पाऊस लागून राहिला होता, त्या सकाळी उघडला. आम्ही तिघंच गेलो : मी, मारोतराव आणि गजानन. दरडीपाशी पोचल्यावर त्यांनी भिंतीतून चिमूट घेतली, दाबली, बाजूच्या दातांनी चावली, थुंकले.

“आज नाई, बाई.”

“का?”

“पोट फुगून हाये तिचं. आज ठोकली तं उतरन.”

“दोन रिंगा आहेत. दहा मिनिटांचं काम.”

“सांगून राहिलो ना, नाई म्हून.”

पुन्हा तीन तासांचा रस्ता, पुन्हा जीप मिळवायची, पुन्हा साहेबांना कारण द्यायचं. आणि मला वाटलं की रिंगा अर्ध्या होत्या म्हणूनच ते माझ्यासमोर ठोकायला तयार नाहीत. मी म्हणाले, “ठीक आहे. मग मी लिहून टाकते की आधीच्या रिंगा खोट्या होत्या.”

गजानन म्हणाला, “काका, नका उतरू. जाऊ द्या ना.”

मारोतरावांनी माझ्याकडे पाहिलं. ते काहीतरी फेकतील म्हणून मी एक पाऊल मागे सरले. त्यांनी काही फेकलं नाही. चपला काढून दगडावर ठेवल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, मोगरी घेतली आणि उतरले.

पहिली रिंग सरळ गेली. त्यांनी ती काढली, दोन्ही बाजूंनी चाकू फिरवला आणि वर धरली. “भरली?”

“भरली.”

“नीट पाहा.”

“भरली आहे, मारोतराव.”

तिथेच संपलं असतं. त्यांनी वर येण्यासाठी हात कडेला टेकलाही होता. मी म्हणाले, “दुसरी.”

पहिली रिंग डाव्या मुठीत तशीच धरून त्यांनी दुसऱ्या रिंगेवर तीन-चार ठोके मारले असतील. त्यांच्यासमोरची भिंत एकदम चमकली. पाणी बाहेर आलं, तासलेल्या सगळ्या अंगावर एकाच वेळी, घाम फुटावा तसं. त्यांनी मोगरी सोडली. मग तो राखाडी थर त्यांच्या गुडघ्यांवर, कमरेवर वाहत आला, दह्यासारखा, आवाज न करता. आवाज त्यानंतर आला. वरची काळी माती, मुळं आणि एक अख्खा साग खाली आला. जमीन माझ्या पायांखाली हलली आणि मी पाठीवर पडले. उठून पाहिलं तेव्हा खड्डा नव्हता.

आम्ही दोघं हातांनी उकरत होतो. जितकी काढावी तितकी ती परत वाहून येत होती. गजाननची नखं उलटली. तो मला शिव्या घालत होता, मी त्याला सब्बल आण म्हणत होते. जवळच्या पाड्यावरची माणसं कुऱ्हाडी घेऊन आली, त्यांनी सागाच्या फांद्या तोडल्या. आधी हात सापडला. मुठीत पहिली रिंग होती, आणि ती मूठ सोडवायला दोन माणसं लागली. तोंड, नाक, डोळे सगळं राखेने भरलेलं. मी बोटांनी तोंड रिकामं केलं, छातीवर दाब दिला, बराच वेळ दिला. छाती आतून मोडलेली होती ते हाताला कळत होतं. मग एक म्हातारी म्हणाली, “बस कर वं बाई. गेला तो.”

मारोतरावांना उचलून जीपपाशी आणल्यावर गजाननने तिच्या काचेवर मूठ मारली. काच फुटली, हात फाटला. तो म्हणाला, “तुमी दुसरी काहून मागतली?”

मी त्याच्या हाताला ओढणी बांधली.

दुसऱ्या दिवशी मी ती रिंग सुकवून तोलली. ऑगस्टचा आणि हा आकडा तंतोतंत एकच आला. रिंगा पहिल्यापासून भरलेल्या होत्या.

इतकं सगळं असलेला माणूस. साहेब म्हणतात तसा तो होता : चिडका, मारका, कोणाचं न ऐकणारा. इतवारीतल्या त्या गड्याला विचारा, गजाननला विचारा, सुमित्राबाईंच्या डोळ्याला विचारा. कागदावरचं ते वाक्य कोणालाही पटेल. फक्त त्या दिवशी मारोतरावांनी ऐकलं. माझी नोकरी अकरा वर्षं उरली आहे आणि साहेबांनी मला त्याचीही आठवण करून दिली आहे.

कपाट झालं रिकामं. खण पुसून ठेवले.

*

गुरुवारी सकाळी सात वाजता मी प्रताप नगरच्या माझ्या घरून निघाले ती आधी वाडीला, मारोतरावांच्या घरी गेले. चौकशीतलं कोणाच्या तोंडून कळण्याआधी सुमित्राबाईंना माझ्याकडून कळावं, एवढंच ठरवलं होतं. ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे त्यांची भाड्याची खोली आहे. ट्रक मागे घेणाऱ्यांच्या आरोळ्या आत ऐकू येतात. त्या गोदामावर पोती शिवायच्या कामाला निघायच्या बेतात होत्या. मला पाहून त्यांनी सतरंजी टाकली. मी बसले नाही.

“ते आपणहून उतरले नाहीत,” मी म्हणाले. “मी उतरायला लावलं.”

“तुमी सांगतलं?”

“हो.”

“त्यानं नाई म्हटलं नव्हतं?”

“दोनदा म्हणाले. मी त्यांना खोटं ठरवीन असं म्हटलं. म्हणून उतरले. एक रिंग निघाली होती. दुसरी मी मागितली.”

त्यांनी मला मारलं. आधी गालावर, मग कानावर, मग माझे केस धरून डोकं दाराच्या चौकटीवर. शेजारची बाई धावत आली. “काहून मारतं वं तिले? कोण हाये ते?” सुमित्राबाईंनी तिलाही ढकललं. मी हात वर केले नाहीत. कान बधिर झाला होता, तोंडात रक्ताची चव होती. मग त्या थांबल्या आणि धापा टाकत उंबऱ्यावर बसल्या.

“मले वाटलं, गेला असन कोणाशी भांडत. बारा दिवस शिव्या देऊन राहिली मी त्याले. हट्टापायी मेला म्हून.” पदराने त्यांनी तोंड पुसलं. “तुह्यं ऐकलं त्यानं? माह्यं तं कधी ऐकलं नाई.”

मी उभी राहिले.

“अन् हापिसात काय सांगशीन?”

“हेच.”

“मंग जाय. इथं काहून उभी हायेस?”

अकराला दहा मिनिटं होती तेव्हा मी कार्यालयात पोचले. साहेबांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. कागद मी त्यांना सही न करता परत दिला. चौकशीच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, “कानाला काय झालं? डॉक्टरांकडे जाऊन यायचं का आधी?”

“नंतर जाईन,” मी म्हणाले. “तुम्ही लिहून घ्या. खाली उतरा असं मी सांगितलं. ते नाही म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. मग ते उतरले.”

त्यांनी लिहिलं. मी वाचून पाहिलं, एके ठिकाणी ‘विनंती केली’ असं झालं होतं ते खोडायला लावून ‘भाग पाडलं’ करून घेतलं, आणि खाली सही केली.